शीर, जळू आणि आईचा पाय

आमची आई बत्तीस वर्षं प्राथमिक शाळेत शिक्षिका होती. चौथीचा वर्ग, साठ मुलं, आणि बाईंना बसायला खुर्ची असली तरी बसायची सवय नाही. तिच्या डाव्या पोटरीवर फुगलेल्या निळसर शिरा होत्या. लहानपणी आम्ही भावंडं त्यावर बोट फिरवत "ही गोदावरी, ही कृष्णा" असा भूगोलाचा अभ्यास करायचो. आईही हसायची. दुखतं असं कधी म्हणाली नाही.

तीन वर्षांपूर्वी त्याच पायाला, घोट्याच्या आतल्या बाजूला जरा वर, एक जखम झाली. रुपयाएवढी. ती काही केल्या भरेना.

आता आमच्या आजोळचं सांगायला हवं. आईचे वडील राजापूरजवळच्या एका खेड्यात वैद्य होते. मी त्यांना फारसं पाहिलेलं नाही, पण त्यांची पुस्तकांची लाकडी पेटी आणि खल आमच्या घरी आहे. त्यामुळे आईने जखमेवर इलाज शोधला तो वैद्याकडेच. शहरातले एक वैद्य (नावगाव लिहीत नाही, त्याची गरजही नाही) जळवा लावायचे. पहिल्या एक-दोन वेळा पाय हलका वाटला, ठणका कमी झाला. मग महिन्यातून एकदा, मग दोनदा. सर्जनकडे जाऊन शिरांची तपासणी करून घे म्हटलं, की आई म्हणायची, "बाबांच्या शास्त्रात सगळं आहे गं. त्यांना काय कळत नव्हतं?"

आणि इथे माझी चूक कबूल करायला हवी. मीच तिला दुजोरा द्यायचे. कॉलेजात असताना वक्तृत्वस्पर्धेत मी ठासून सांगितलं होतं की रक्ताभिसरणाचा शोध हार्वेच्या दोन हजार वर्षं आधी आपल्याकडे लागला होता. टाळ्या पडल्या, कप मिळाला. तो कप अजून आईच्या शोकेसमध्ये आहे. मूळ ग्रंथ मी तेव्हा उघडूनही पाहिला नव्हता.

तो उघडला मागच्या पावसाळ्यात, आईचा रक्ताचा रिपोर्ट हातात आल्यावर. हिमोग्लोबिन आठाच्या खाली. दोन वर्षं जळवा लावून घेतल्याचा हिशेब कुठेतरी निघणारच होता. आजोबांच्या पेटीत निर्णयसागर छापखान्याची सुश्रुतसंहिता होती, डल्हणाच्या टीकेसकट. यादवजी त्रिकमजी आचार्यांनी मुंबईत 1915 साली सिद्ध केलेली ही आवृत्ती पुढे अनेकदा छापली गेली. माझं संस्कृत शाळेपुरतं. मदतीला शारीरस्थानावरची भास्कर गोविंद घाणेकरांची हिंदी टीका घेतली. काशी हिंदू विद्यापीठात शिकवणारा हा मराठी माणूस किती सोपं करून सांगतो, ते वाचूनच पाहा. तर रोज रात्री आई झोपली की मी वाचायचे. त्यातून जे हाती लागलं, ते इथे मांडते आहे.

आधी शब्दाचंच बघू. आपण 'शीर' म्हणतो ती संस्कृतातली 'सिरा' (तुपातला शिरा वेगळा!). चरकाने व्युत्पत्ती दिली आहे: जिच्यातून सरण होतं, म्हणजे काहीतरी सरकत जातं, ती सिरा. आणि 'रक्ताभिसरण' या आपल्या शब्दातही तोच 'सृ' धातू. अभिसारिकाही त्याच कुळातली. म्हणजे शिरेतून काहीतरी वाहतं ही कल्पना त्या शब्दाच्या जन्मातच आहे. प्रश्न असा, की काय वाहतं, कुठून कुठे, आणि परत येतं का?

सुश्रुताच्या शारीरस्थानाचा सातवा अध्याय शिरांचा आहे. एकूण सातशे शिरा, आणि त्यांचं मूळ नाभीत. चाकाच्या तुंब्याभोवती जशा आऱ्या, तशा नाभीभोवती शिरा. मुळात चाळीस: दहा वाताच्या, दहा पित्ताच्या, दहा कफाच्या, दहा रक्ताच्या. मग प्रत्येक गटाच्या एकशे पंचाहत्तर. पाटांनी जसं शेत आणि बाग भिजते, तसं शिरांनी शरीर पोसलं जातं, अशी उपमा तिथे आहे. कोकणात पाटाने आगराला पाणी लावलेलं ज्याने पाहिलंय त्याला ती लगेच पटेल. पण जरा थांबून विचार करा. पाटाचं पाणी परत विहिरीत येत नाही. ते झाडाच्या मुळाशी जिरतं.

नाभीच का, हाही प्रश्न पडतो. मला वाटतं, गर्भाकडे पाहिलं की ते समजतं. पोटातल्या बाळाचं पोषण खरंच नाभीतून होतं. पाहणाऱ्याने जे पाहिलं त्यावरून पुढचा तर्क केला.

सूत्रस्थानाच्या चौदाव्या अध्यायात मात्र वेगळं चित्र दिसतं. तिथे रसाचं स्थान हृदय आहे. हृदयातून तो चोवीस धमन्यांत शिरतो, दहा वर जाणाऱ्या, दहा खाली, चार आडव्या, आणि अंगभर पोहोचतो. यकृत आणि प्लीहेत आल्यावर त्याला रंग चढतो, तेव्हा त्याचं रक्त होतं. चरकही सूत्रस्थानाच्या तिसाव्या अध्यायात दहा मोठ्या वाहिन्यांचं मूळ हृदयात सांगतो, आणि व्यानवायू रसाला एकाच वेळी, सगळीकडे, सतत फेकत असतो असं चिकित्सास्थानात म्हणतो. 'सतत' आणि 'फेकतो' हे शब्द वाचून मी रात्री साडेबाराला उठून बसले होते. हृदयाचं काम याहून थोडक्यात कसं सांगणार?

आणि मग भेल. भेलसंहितेचं जवळजवळ एकच हस्तलिखित आपल्यापर्यंत पोहोचलं, तेही तुटक. ते होतं तंजावरच्या सरस्वती महालात, म्हणजे आपल्या भोसले राजांच्या ग्रंथालयात. तिथल्या सरफोजीराजांना वैद्यकाचा केवढा नाद होता हे पुष्कळांना ठाऊक असेल. कलकत्ता विद्यापीठाने 1921 साली ती संहिता छापली. तिच्यात एक श्लोक असा आहे, की रस हृदयातून निघतो, सर्वत्र जातो आणि शिरांवाटे पुन्हा हृदयाकडे येतो. माझ्या वक्तृत्वस्पर्धेतला हुकमाचा एक्का हाच होता, फक्त तो मी कुणाच्या तरी लेखातून उचलला होता.

श्लोक खरा आहे. त्याचं मोलही आहे. पण तो एकटा आहे. त्याच्या मागेपुढे ना मोजमाप, ना प्रयोग, ना पुढच्या पिढीने घेतलेला ठाव. वाग्भट आला, डल्हण आला, शार्ङ्गधर आला, पण भेलाच्या त्या ओळीवर कुणी इमारत बांधली नाही.

याउलट हार्वेने काय केलं? 1628 साली फ्रँकफुर्टला छापलेलं त्याचं पुस्तक बहात्तर पानांचं. त्यात त्याने साधा गुणाकार मांडला. हृदय एका ठोक्याला अर्धा औंस रक्त बाहेर टाकतं असं धरू. अर्ध्या तासात हजार ठोके धरू, तेही कमीच. झाले पाचशे औंस. सगळ्या अंगात मिळून एवढं रक्त नसतं! यकृत दर अर्ध्या तासाला इतकं नवं रक्त बनवणार कुठून? म्हणजे तेच रक्त फिरत असलं पाहिजे. युरोपात गेलनच्या काळापासून चौदाशे वर्षं यकृतच रक्त बनवतं आणि ते शरीरात जिरतं असं मानत होते. म्हणजे आपल्या पाटाच्या पाण्यासारखंच. तेराव्या शतकात कैरोच्या इब्न अल-नफीसने हृदयाच्या उजव्या बाजूचं रक्त फुप्फुसांतून डावीकडे येतं हे लिहून ठेवलं होतं, पण त्याचं हस्तलिखित 1924 साली बर्लिनमध्ये उजेडात येईपर्यंत बहुतेकांना ते माहीतच नव्हतं. थोडक्यात, विसरणं हा काही आपलाच गुण नव्हे.

हार्वेचा दुसरा पुरावा दंडाला पट्टी बांधण्याचा. पट्टी बांधली की खालच्या शिरा टरारून फुगतात. फुगलेल्या शिरेवर बोट दाबून रक्त खाली ढकलायला जावं तर जात नाही, झडपा अडवतात. वर ढकललं की सरकतं. शिरांतल्या या झडपांवर त्याचे पादुआचे गुरू फाब्रिचियस यांनी 1603 साली पुस्तक लिहिलं होतं, पण त्या कशासाठी आहेत हे त्यांना उमगलं नव्हतं. शिष्याला उमगलं: रक्ताने हृदयाकडेच जावं म्हणून.

हे वाचताना मला सुश्रुताचा शारीरस्थानातला आठवा अध्याय आठवला, शिरावेधाचा. त्यात शीर टोचण्यापूर्वी वरच्या बाजूला वस्त्राने बांधायला सांगितलं आहे, म्हणजे शीर उठून दिसेल. अगदी हार्वेने बांधली तशीच पट्टी! आपले वैद्य दीडदोन हजार वर्षं ती बांधत होते. रोज डोळ्यांसमोर शीर बांधाच्या खाली फुगत होती. रक्त फक्त मुळाकडून टोकाकडे जात असेल, तर ती बांधाच्या वर फुगायला हवी होती. मग खालीच का फुगते, हा प्रश्न कुणी विचारला असेलही. पण विचारला तरी लिहून ठेवला नाही, आणि पडताळून पाहिला नाही.

याला आणखीही एक कारण दिसतं. सुश्रुताने प्रेत तपासायची रीत सांगितली आहे, आणि ती त्या काळाच्या मानाने धाडसाचीच. प्रेत गवतात गुंडाळून, पिंजऱ्यात ठेवून वाहत्या पाण्यात सात रात्री कुजू द्यायचं आणि मग वाळ्याच्या किंवा केसांच्या कुंच्याने हळूहळू खरवडत थर पाहायचे. हाडं, स्नायू, थर यांसाठी ठीक. पण कुजलेल्या शिरेत कागदाएवढी पातळ झडप कशी दिसणार? पुढे तर हेही बंद पडलं. 1836 साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजात पंडित मधुसूदन गुप्तांनी शवविच्छेदन केलं तेव्हा त्याचा केवढा गाजावाजा झाला. गंमत बघा, सुश्रुतसंहितेची पहिली छापील आवृत्ती त्याच सुमारास निघाली, आणि तिचे संपादक हेच मधुसूदन गुप्त! एका हातात पोथी आणि दुसऱ्या हातात सुरी. मला हा माणूस फार आवडला.

आता जळवांकडे वळू. सूत्रस्थानाचा तेरावा अध्याय संपूर्ण त्यांनाच वाहिलेला आहे. बारा जाती, सहा विषारी, सहा निर्विष. ओल्या कातड्याने पकडायच्या, नव्या घटात तळ्याचं पाणी आणि चिखल घालून ठेवायच्या, दर तीन दिवसांनी पाणी बदलायचं, दर सात दिवसांनी घट. लावल्यावर वर ओलं पांढरं फडकं. दंशाच्या जागी टोचू-खाजू लागलं की ती शुद्ध रक्त पिऊ लागली असं समजायचं आणि काढायची. सुटत नसेल तर तोंडावर मीठ. मग तिलाही ओकारी करवायची, नाहीतर ती आजारी पडते. जळवेच्या तब्येतीची एवढी काळजी! शिंग, तुंबडी आणि जळू या तिन्हींत हा सगळ्यांत सौम्य उपाय, म्हणून राजे, मुलं, म्हातारे, स्त्रिया आणि भित्रे यांच्यासाठी. आमच्या आजोळी फासण्या टाकून तुंबडी लावणारे होते असं आई सांगते. तिच्या लहानपणापर्यंत.

जळवेच्या लाळेत काय असतं ते 1884 साली कळलं. जॉन हेक्राफ्टने दाखवलं की तिच्यात रक्त गोठू न देणारा पदार्थ आहे. पुढे त्याला हिरुडिन नाव मिळालं. त्याआधी एकोणिसाव्या शतकात युरोपाने जळवांचा असा काही सपाटा लावला की 1833 या एका वर्षात फ्रान्सने चार कोटींवर जळवा आयात केल्या. मग ते सगळं वेडगळ ठरलं. आणि मग 1985 साली बोस्टनमध्ये एका लहान मुलाचा तुटलेला कान शिवल्यावर सर्जनना पुन्हा जळवाच आणाव्या लागल्या. बारीक धमन्या जोडता आल्या होत्या, रक्त आत येत होतं, पण शिरांतून बाहेर पडत नव्हतं. कान काळानिळा पडत चालला होता. जळवांनी साचलेलं रक्त ओढून घेतलं, कान वाचला. 2004 साली अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जळवेला रीतसर परवानगी दिली.

म्हणजे साचलेलं रक्त काढलं की बरं वाटतं, हे आजोबांच्या पोथीतलं निरीक्षण खोटं नव्हतं. कानाच्या बाबतीत काही दिवसांत नव्या शिरा तयार होतात, जळवेची गरज संपते. आईच्या पायात मात्र झडपाच निकामी झालेल्या. पोटरीचा स्नायू आवळला की रक्त वर जातं आणि झडप नसल्यामुळे परत खाली येतं. घोट्यापाशी दाब वाढतो, कातडी काळवंडते, फुटते. जळूने आज थोडं रक्त काढलं, तरी उद्या तितकंच पुन्हा साचणार. गळक्या नळाखालचं पाणी आपण पुसत बसलो होतो.

हे मी आईला सांगून पाहिलं. ती ऐकेना. "हार्वेचं मला सांगू नकोस," म्हणाली.

मग मी तिला हार्वेचं सांगणं सोडलं आणि आजोबांचीच पोथी तिच्या मांडीवर ठेवली. चौदावा अध्याय. पांडुरोगाची सूज असेल तर रक्त काढू नये, असं तिथे स्पष्ट आहे. क्षीण झालेल्याचंही नाही. रक्त जास्त काढण्यापेक्षा थोडा दोष शिल्लक राहिलेला बरा, असंही सांगितलेलं. मी अर्थ सांगत होते आणि तिने चष्मा लावून ती ओळ स्वतः वाचली. दोनदा वाचली. मग तिच्याच पांढुरक्या नखांकडे बघत म्हणाली, "म्हणजे बाबांनी माझं रक्त काढू दिलं नसतं."

थोड्या वेळाने तिला आणखी काही आठवलं. बाबांकडे अशा पायाचे शेतकरी यायचे. ते त्यांना खाटेवर आडवं करून पायाखाली घोंगडीची वळकटी ठेवायचे आणि जुन्या लुगड्याची पट्टी घोट्यापासून गुडघ्यापर्यंत गुंडाळायचे. तेल, लेप वगैरे नंतर. सुश्रुताच्या सूत्रस्थानात बंधाचे चौदा प्रकार आहेत, त्यातला हातापायांसाठीचा एक. वाग्भटाने नव्या शिराग्रंथीवर सहचराचं, म्हणजे आपल्या कोरांटीचं तेल, पोटीस, बस्ति आणि शिरावेध सांगितले आहेत. आजोबा त्यातलं काय काय करत ते आता कळायला मार्ग नाही, पण पट्टी आणि वळकटी आईला पक्की आठवते. दोन वर्षं आम्ही जळवांच्या मागे होतो आणि आजोबांचा हा साधा उपाय घरात कुणालाच आठवला नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात आई सर्जनकडे आली. सोनोग्राफीच्या पडद्यावर त्यांनी दाखवलं, पोटरी दाबून सोडली की रक्त उलटं खाली येताना दिसत होतं. आई टक लावून बघत होती. आधी धमन्यांचा पुरवठा ठीक आहे ना हे तपासलं (हे महत्त्वाचं बरं का, धमनीच अरुंद झाली असेल तर घट्ट पट्टी घातक ठरते), मग पट्ट्या सुरू झाल्या आणि खराब शीर आतून बंद करण्यात आली. शिरेमुळे झालेली जखम असेल तर शीर लवकर बंद केल्याने ती लवकर भरते, हे 2018 साली इंग्लंडमधल्या मोठ्या चाचणीत दिसलं आहे. लोहाच्या गोळ्या चालू होत्याच. चौथ्या महिन्यात जखम भरली. तिथे आता गुलाबी चट्टा आहे. पायमोजे घालायचा तिला कंटाळा येतो, त्यावरून आमची रोज भांडणं होतात. असो.

माझ्या मनात मात्र त्या कपाचं राहून गेलं. पूर्वजांनी पुष्कळ पाहिलं होतं, काही तर फार नेमकं. जे राहिलं ते का राहिलं, हेही त्यांच्याच ग्रंथांत शोधता येतं. पण "सगळं आधीच माहीत होतं" असं मी म्हणत राहिले आणि म्हणून पोथी उघडायची गरजच मला वाटली नाही. उघडली असती तर "थांबा" ही सूचना दोन वर्षं आधी सापडली असती. हार्वेलाही सगळं दिसलं नव्हतं. धमन्यांतलं रक्त शिरांत कसं जातं ते त्याला शेवटपर्यंत माहीत नव्हतं. तो 1657 साली गेला आणि 1661 साली माल्पिगीने सूक्ष्मदर्शकाखाली बेडकाच्या फुप्फुसात केशवाहिन्या पाहिल्या. आणि एवढा शोध लावूनही हार्वे रुग्णांचं रक्त काढण्याच्या बाजूचाच राहिला, हेही विसरायला नको.

परवा आई शोकेस पुसत होती. कप हातात घेऊन म्हणाली, "हा ठेवू की काढू?" मी म्हटलं, "राहू दे. पण त्याच्या शेजारी पोथी ठेव." तिने ठेवली आहे.

तुमच्याकडे आजी-आजोबांच्या वैद्यकीच्या अशा आठवणी असतील, विशेषतः पट्ट्या बांधण्याच्या, तर नक्की लिहा. आणि आमच्या नातेवाइकांपैकी जे कुणी हे वाचत असतील आणि ज्यांच्या पोटरीवर गोदावरी-कृष्णा असतील, त्यांनी जखम व्हायची वाट बघू नका. सोनोग्राफीला फार वेळ लागत नाही.